अण्णांची तर्जनी

अण्णांच्या दहाव्याला घाटावर पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. बराच वेळ गेला. माझ्या धाकट्या भावानं, श्रीनं, हात जोडून जे जे कबूल करायचं ते सगळं केलं – देवळाचं बघू, ताईला एकटं टाकणार नाही, वर्षश्राद्ध इथेच काशीत करू. कावळे आपले समोरच्या वेताच्या छत्रीवर बसून राहिले. मग आमचा चुलतभाऊ विनू म्हणाला, "अरे, पेढा आणा. अण्णांचा जीव गोडात." कुणीतरी धावत जाऊन गल्लीच्या तोंडावरच्या लल्लनच्या दुकानातून पेढा आणला, पिंडाशेजारी ठेवला, आणि – योगायोग म्हणा – एक कावळा लगेच खाली उतरला. रडता रडता सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यामागे काय होतं, हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. श्रीनं नाही, विनूनं नाही. दत्तासमोर हात जोडतानासुद्धा मी हा विषय टाळते. तुम्हाला सांगते आहे, कारण – कारण काय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

अण्णा माझे वडील. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे अजून दोन-चार घरांतून मराठी ऐकू येतं, तिथे आमचं घर आणि घराला लागून दत्ताचं लहानसं देऊळ. माझ्या पणजोबांपासून पूजा आमच्याकडे. मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवलं, हिंदीत. लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी कहाणी नाही, राहून गेलं. आई गेल्यावर घरात मी आणि अण्णा. आमचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. पुण्याहून पाहुणे आले की गालातल्या गालात हसतात. पण अण्णा रागावले की शुद्ध मराठीत रागावायचे. रागावायचे फार क्वचित, म्हणा. रागावायचं काम घरात माझ्याकडे होतं. औषधं, दूधवाला, छतावरची माकडं, अण्णांचं पथ्य – सगळ्यांवर माझी फौजदारी चालायची आणि मला ती आवडायची, हेही सांगून टाकते.

अण्णांना मधुमेह निघाला तेव्हा श्रीनं बंगळूरहून ते यंत्र पाठवलं. तुमच्याही घरात असेल. लहानसं, तळहातात मावणारं. बोटाला सुई टोचायची, थेंब आला की पट्टीच्या टोकाला लावायचा, क्षणभर थांबायचं, आकडा येतो. मला तर खेळणंच मिळाल्यासारखं झालं. आयुष्यभर मुलांकडून प्रयोग करून घेतले, आता घरात प्रयोग! अण्णांना खुर्चीत बसवायचं, चष्मा लावायचा, पट्टी काढून डबीचं झाकण लगेच बंद करायचं. थंडीत त्यांची बोटं बर्फ झालेली असत. थेंब यायचाच नाही. मग मी बोट मुळापासून टोकाकडे पिळत न्यायची, आणि अण्णा दुसरीकडे बघत मनातल्या मनात काहीतरी म्हणत राहायचे.

पण अण्णांची एक अट होती. तपासायचं ते पूजा झाल्यावर.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी बघा. अण्णा पूजेआधी पाण्याशिवाय काही घेत नसत, तेव्हा उपाशीपोटीची सोय आपोआपच होती. पण पूजेआधी सुई टोचायची म्हणजे रक्त निघणार, आणि रक्त निघालेल्या बोटानं देवाला शिवायचं कसं? म्हणून आधी पूजा, मग सुई, मग चहा. मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? अण्णा देवळातून तसेच सोवळ्यात यायचे, ओसरीवर बसायचे आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे करायचे. गंध लावायला तर्जनी चालत नाही, जपाची माळ ओढायलाही नाही. "देवाच्या कामाची नाही ही," ते म्हणायचे, "तुझ्या यंत्राला घे."

आणि रोज पंचामृताचा अभिषेक. आमचा दत्त हातभर उंचीचा, काळ्या दगडाचा. अण्णा त्याला दूध, दही, तूप लावायचे, मग मध, मग साखर, आणि लहान मुलाला न्हाऊ घालावं तसे दोन्ही हातांनी चोळायचे. साखरेचा दाणा दगडावर विरघळेपर्यंत. मग गंगेच्या पाण्यानं देवाला स्नान, त्याच पाण्याचे चार थेंब स्वतःच्या हातांवर, आणि हात पंच्याला पुसले की झालं. साबण? सोवळ्यात साबणाला ते हात लावत नसत. साबणात चरबी असते, म्हणायचे. बोटाला स्पिरिट लावायचं तर त्याहून वाईट, ती दारूच. मग मी काय करायची? बोट स्वच्छ हवं एवढं मला माहीत होतं. मी त्यांच्याच खांद्यावरच्या त्या ओल्या पंच्याचं टोक घ्यायची, त्यांचं बोट पुसायची, आणि टोचायची.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. शाळेत परीक्षानळी न धुता वापरणाऱ्या पोराला बाहेर उभं करणारी मी – माझ्या नाही आलं.

आकडा दोनशेच्या वर यायचा. कधी त्याच्याही पुढे. पथ्य तर कडक होतं. भात मी मोजून वाढायची, बटाटा बंद, साखर घरात माझ्या नजरेखाली. मग एवढी साखर येते कुठून? मी बारकाईनं पाहायला लागले. एकदा भाऊबंदांत कुणी वारलं, सुतक आलं, पूजा विनूच्या सासऱ्यांनी केली. त्या दिवसांत अण्णांचा आकडा अगदी शहाण्यासारखा. सुतक फिटलं, अण्णा पुन्हा देवळात, आकडा पुन्हा वर. आणखी पुरावा काय हवा? घरात असतात तेव्हा बरे, देवळात जातात तेव्हा वाढते. म्हणजे देवळात काहीतरी खातात. भक्त पेढे आणतात, लाडू आणतात. मला एवढा आनंद झाला – हो, आनंदच, खोटं कशाला बोलू – की मी शोधून काढलं.

मी अण्णांना विचारलं नाही. मी सांगितलं. "अण्णा, तुम्ही देवळात पेढे खाता."

ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू मावळलं. "नाही गं," म्हणाले. "तीर्थ घेतो पळीभर, ते तुला माहीत आहे. बाकी काही नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही, अण्णा."

"मग मी बोलतो?"

मी वापरलेली पट्टी काढून यंत्र बंद केलं. तेच उत्तर होतं, आणि ते त्यांना पोचलं. तुम्ही अण्णांना पाहिलं नाहीत म्हणून सांगते. गल्लीत कुणाची भांडणं झाली, भिंतीवरून, नळावरून, तर लोक म्हणायचे, गुरुजींना विचारा, ते पाहिलं तेच सांगतील. एवढीच त्यांची कमाई. मोठे पंडित नव्हते ते, आवाजही बेताचा. शब्द तेवढा खरा. आणि त्यांची मुलगी, ज्या मुलीला त्यांनी काशीतल्या मराठी घरांची बोलणी खात विज्ञान शिकू दिलं, ती त्यांना तोंडावर खोटारडे ठरवून चहा गाळायला आत गेली.

तेवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. मी लल्लनच्या दुकानात जाऊन सांगितलं, भरदुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर – बाबूजींना काही द्यायचं नाही, मागितलं तरी नाही. लल्लन बिचारा म्हणाला, "दीदी, गुरुजी त कब्बो मांगबे नाहीं किए." कधी मागितलंच नाही म्हणे! मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक नाही. झालं, गल्लीला विषय मिळाला. बनारसची गल्ली, ती काय सोडते! अण्णा जाताना दिसले की ओट्यावरून हाक – "का गुरुजी, एक ठे पेड़ा हो जाए? बिटिया नाहीं देखत हई." प्रेमानंच म्हणायचे लोक. अण्णाही हात जोडून हसायचे. घरी आले की मात्र सरळ आपल्या खोलीत जायचे.

यंत्रातले आकडे मी डॉक्टरांना सांगत गेले आणि डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. रामनगरला बसायचे ते डॉक्टर, अण्णांच्या ओळखीतले, सज्जन माणूस. त्यांची काय चूक? मी सांगेन ते त्यांनी खरं मानलं. गोळ्या वाढल्या तसे अण्णांना सकाळी घाम यायला लागला. हात थरथरायचे. एका सकाळी अभिषेक करताना त्यांच्या हातून तांब्याचा कलश निसटला, देवाच्या पायाशी पडला, आणि ते स्वतः गाभाऱ्यात भिंतीला टेकून खाली बसले. विनूनं त्यांना धरून घरी आणलं. त्यांना साखर कमी पडत होती, हे आज मला कळतं. तेव्हा मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, बघा, गोड खाण्याचा परिणाम. आणि त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, पूजा आता विनू करेल. विनू बँकेत जायच्या आधी करू शकत होता. तो म्हणाला, "काही दिवस करतो, अण्णा बरे झाले की त्यांची त्यांना." अण्णांनी सोवळ्याचा मुकटा घडी करून विनूच्या हातात दिला. त्यांच्याकडे दुसरा नव्हता.

आणि काय झालं माहीत आहे? आकडा खाली आला. रोज खाली. सत्तरच्याही आत. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, घाम थांबला, थरथर थांबली, आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात राहिला. सगळीकडे माझं नाव झालं. श्री फोनवर म्हणाला, ताई, तू होतीस म्हणून. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. मी खरी ठरले होते. अण्णांनी देऊळ सोडलं आणि साखर सुटली, ह्याचा दुसरा अर्थ कोण काढणार?

इथपर्यंतचं सगळं अजाणता झालं. अजाणतेपणीचं पाप मोठं नसतं म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. मी तुम्हाला सांगायला बसले ते यापुढचं.

संक्रांत आली. मी तिळाच्या वड्या करत होते. गुळाचा पाक, तीळ, बोटांना चिकटलेला गूळ – तुम्हाला ठाऊकच आहे. श्रीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, ताई, अण्णांना आहे, तूही स्वतःची साखर बघत जा कधी तरी. फोन ठेवला, हात फडक्याला पुसले, यंत्र शेजारच्या कपाटावरच होतं. सहज बघितलं. आकडा तीनशेच्या पुढे.

काही खाल्लंही नव्हतं सकाळपासून. मग शाळेतली सवय उपयोगी पडली: एक निरीक्षण म्हणजे काही निष्कर्ष नव्हे, प्रयोग पुन्हा करा. मोरीत गेले, गरम पाणी घेतलं, साबणानं हात चांगले चोळून धुतले, कोरडे केले, हात खाली सोडून जरा हलवले, बोटाच्या कडेला टोचलं. टपोरा थेंब आला. आकडा नव्वद.

मी हसले. गूळ होता हाताला! आणि ते हसू तोंडावर असतानाच मला पंचा आठवला. अण्णांच्या खांद्यावरचा ओला पंचा. मध. साखर. दोन्ही हातांनी चोळून चोळून विरघळवलेली साखर. त्याच पंच्याच्या टोकानं मी रोज सकाळी अण्णांचं बोट पुसत होते.

मोरीच्या दारात किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पाक कढईत गोळा होऊन गेला. वड्या त्या वर्षी झाल्याच नाहीत.

सांगायचं होतं मला. हे तुम्ही मानाल का? मी खरोखरच जिना चढून वर गेले. अण्णा छतावर उन्हात बसले होते, पुढ्यात मटारचं टोपलं. पूजा गेल्यापासून सकाळी त्यांना काही काम नसायचं, म्हणून मी त्यांना मटार सोलायला द्यायची. पाठमोरे होते. ज्या हातांनी देवाला न्हाऊ घालायचं ते हात शेंगा फोडत होते. माझी चाहूल लागली तसं त्यांनी मान वळवली, सोललेल्या दाण्यांची परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "गोड आहेत म्हणतात यंदाचे. मी एकही तोंडात टाकला नाही हो. बघ."

मी काही विचारलं नव्हतं. काहीच नाही. तरी ते सांगत होते. माझ्या वडिलांना मी असं करून ठेवलं होतं, की नुसती पावलं वाजली तरी त्यांना स्वतःची सफाई द्यावीशी वाटावी. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगायचं, तर ह्याहून चांगला क्षण मला मिळणार होता का? एकच वाक्य लागणार होतं. अण्णा, तुम्ही खरं बोलत होता. ते उठले असते, खाली गेले असते, विनूकडून मुकटा घेतला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दत्ताला मध लावला असता.

मी म्हटलं, "बरं." परात उचलली आणि खाली आले.

का? हा प्रश्न मी स्वतःला फार विचारलाय. उत्तरं पुष्कळ मिळतात, एकही चांगलं नाही. लल्लनला काय सांगू? श्रीला काय सांगू – ज्या ताईचं तू एवढं कौतुक केलंस ती बोट धुवायला विसरली? विनूला? शाळेतल्या कुणाच्या कानावर गेलं तर? म्हातारा माणूस खोटा ठरला तर चार दिवस लोक हसतात आणि विसरतात, असं मी मनाला समजावलं. मी खोटी ठरले तर मला जगता येणार नाही, असंही वाटलं. आता हे सांगताना स्वतःचंच ऐकते तर माझीच मला शरम वाटते. जगता आलं असतं. काय धाड भरली होती मला?

थोड्याच दिवसांनी रामनगरला डॉक्टरांकडे जायचं होतं. अण्णा सकाळपासून तयार होऊन बसले होते. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. डॉक्टरांनी बरं आहे म्हटलं की पूजा मागायची. जाताना पुलावर एकदा म्हणालेसुद्धा, विनूला रोज बँकेत पळापळ होते गं. मी बाहेर नदीकडे बघत राहिले.

डॉक्टर खूश होते. आकडे बघून म्हणाले, गुरुजी, आप तो जवान हो गए. अण्णा लाजले. मग डॉक्टरांनी मागचे आकडे पाहिले, ते मोठे, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळले. "उस समय इतना कैसे आ रहा था? हाथ साबुन से धुलवाकर करती थीं न आप?"

बघा. देवानं प्रश्नही किती सोपा करून हातात दिला होता. हो की नाही. आणि मी एकटी नव्हते, अण्णा शेजारीच बसले होते. सोवळ्यात साबण चालत नाही हे त्यांच्यापेक्षा कोण जास्त जाणणार?

मी म्हटलं, "जी, धुलवाकर ही." आणि एवढ्यावर न थांबता, कुणी विचारलं नसताना, पुढे म्हटलं, "मंदिर में प्रसाद खा लेते थे."

डॉक्टर हसले. "तो फिर मंदिर रहने ही दीजिए, गुरुजी. घर से हाथ जोड़ लिया कीजिए."

मी अण्णांकडे बघणार नव्हते. पण बघितलं. ते डॉक्टरांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. अंगठा तर्जनीच्या टोकावर हळूहळू फिरवत होते. साखर विरघळली का, हे बघायला अभिषेकात फिरवायचे तसा. मग अंगठा थांबला. त्यांना कळलं. मला शंका नाही. तुम्हीही ठेवू नका. सगळी थंडी ज्यानं एकाच गोष्टीचा विचार केला, त्या माणसाला तेवढा प्रश्न पुरेसा होता. त्यांनी मान वर केली, डॉक्टरांना नमस्कार केला, "जैसा आप कहें" म्हणाले आणि काठी शोधू लागले.

काठी मीच हातात दिली.

अण्णा त्यानंतर पूजेला कधीच बसले नाहीत. विनू मनापासून करत होता, अजूनही करतो. अण्णा सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसायचे, तिथून देवळातली घंटा ऐकू येते. अभिषेकाच्या वेळी त्यांची बोटं मांडीवर हलायची. मी मात्र रोज गरम पाणी आणून, साबणानं त्यांचे हात धुऊन, कोरडे करून, मगच सुई टोचायची. किती हळू टोचायची मी! बोटाच्या मध्यावर दुखतं म्हणून कडेला. पिळणं बंद केलं. अण्णांनी एकदाही विचारलं नाही, की आता हात का धुतेस. तर्जनी पुढे करायचे आणि देवळाच्या दिशेला बघत बसायचे. असेच एका पहाटे झोपेत गेले. लोक म्हणाले, पुण्यवान. मग दहावा झाला, पेढ्याला कावळा उतरला, आणि सगळी गल्ली हसली, त्यात मी.

एक राहिलं. ते सांगायचं टाळत इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले. रामनगरहून परततानाचं.

आम्ही टोटोत बसलो होतो, त्या बॅटरीवरच्या रिक्षेत. ऊन चढलं होतं. पुलाच्या मध्यावर गर्दीत गाडी अडकली. खाली गंगा, लांबवर आमचे घाट. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, तू खोटं बोललीस. मी वाटच बघत होते म्हणा ना – म्हणाले असते तर मी तिथेच रडले असते, सगळं ओकले असते, सुटले असते. त्यांनी माझा हात हातात घेतला. माझा हात गार होता, त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून चोळला.

"अगं," ते म्हणाले, "खाल्लेही असतील मी पेढे. म्हातारपणी आठवत नाही माणसाला. तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं, माफ कर मला."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते ते, आणि त्यांना ते धड जमतही नव्हतं. आवाज कापत होता. डोळे माझ्याकडे नव्हतेच. माझ्यासाठी बोलत होते, मला पुढे ह्या घरात, ह्या गल्लीत मान वर करून राहता यावं म्हणून. मला हे कळत होतं. त्याच क्षणी, त्याच पुलावर, पुरतं कळत होतं. नंतर कळलं असं नाही.

मी त्यांचा हात थोपटला. माझा आवाज कापला नाही.

"जाऊ द्या अण्णा," मी म्हटलं. "केलं माफ."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. पुढची गाडी हलली आणि आम्ही घरी आलो.